सीमाभागाच्या कोट्यातून एम.एड. देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

विशेष शिक्षणातलं, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचं एम.एड. ‘सीमाभागाच्या कोट्यातून’ करून देतो असं सांगून माझ्याकडून ९०,७२० रुपये उकळले गेले. प्रवेश नाही, पदवी नाही, पैसेही नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या विशेष शाळांत काम करणाऱ्या कितीतरी जणी सध्या याच वाटेवर आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय. आमच्या घरात सगळ्यांना अजून पूर्ण रक्कम माहीत नाही.

मी बौद्धिक अक्षमता या विषयात बी.एड. विशेष शिक्षण केलंय, असे अभ्यासक्रम मान्य करणाऱ्या आणि विशेष शिक्षकांची नोंदणी ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेत माझी नोंदणी आहे. पुढं बी.एड.च्या कॉलेजात शिकवायचं तर एम.एड. लागतं. त्यातच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिल्यावर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागं एक आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागं एक, तेव्हापासून ‘जागा निघणार’ ही चर्चा आमच्या क्षेत्रात थांबलेली नाही. ही चर्चा आपण करतो तशी हे फसवणारे लोकही ऐकत असतात. एम.एड.साठी सिकंदराबादची बौद्धिक अक्षमतेची राष्ट्रीय संस्था आहे, श्रवणदोषासाठी म्हैसूरची वाक् श्रवण संस्था आहे, मुंबईत एसएनडीटी आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण चार सेमिस्टर घर सोडून राहायचं म्हणजे नोकरी सोडायची, लेकराला कुणाकडं तरी ठेवायचं. ‘एवढी शिकलेली बाई फसली कशी’ असं विचारणाऱ्यांनी आधी आमच्या शाळांचे पगार विचारून घ्यावेत.

त्या लोकांचं कार्यालय शिनोळीच्या पुढं, चंदगड तालुक्याच्या हद्दीत, म्हणजे महाराष्ट्रात. बोलणारा मराठीच, गोड बोलणारा. “ताई, ८६५ गावांतल्या पोरांसाठी महाराष्ट्र सरकारची सवलत आहे, तुमचं गाव यादीत आहे, दाखला आणा, बाकी मी बघतो,” म्हणाला. ही सवलत खरी आहे. सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा असतात, रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला देऊन आमच्यातली मुलं शिकून बाहेर पडलीत. म्हणून तर विश्वास बसला. पण ज्या विद्यापीठाची पदवी तो देणार होता ते विद्यापीठ उत्तरेकडच्या एका राज्यातलं! महाराष्ट्राची सवलत तिथं कशी लागू होणार? मी हे विचारलं होतं. “स्टडी सेंटर महाराष्ट्रात आहे की, म्हणून लागू होतंय,” हे त्याचं उत्तर.

आता पैसे. सीट ब्लॉक करायला १५,००० रोख. पहिल्या वर्षाची फी ६२,५००, यूपीआयवर दोन हप्त्यांत, संस्थेच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यावर. मग ‘एलिजिबिलिटी’ म्हणून ४,७२०, त्यात चक्क जीएसटी धरलेला. शेवटी ८,५०० परिषदेच्या रजिस्टरला एम.एड.ची नोंद करायला. रोख दिलेल्या पैशांच्या पावतीवर नंबर नाही, शिक्का आहे. व्यक्तीच्या खात्यावर फी मागितली की तिथूनच उठा. खुर्चीवर बसून विचार करत राहू नका.

जे आठवलं की आजही अंगाची लाही होते ते मान्यतेचं पत्र. माझ्या आग्रहावरून त्यानं ते दाखवलं. प्लॅस्टिकच्या फाईलमधलं, रंगीत झेरॉक्स. वर परिषदेचं नाव, खाली सही, आणि मधे अभ्यासक्रम लिहिलेला: एम.एड. विशेष शिक्षण, श्रवणदोष. माझा विषय बौद्धिक अक्षमता. आमच्या क्षेत्रात हे कुणाला सांगावं लागत नाही. मान्यता अक्षमतेनुसार वेगवेगळी मिळते, एकीचं पत्र दुसरीला चालत नाही. शिवाय मान्यतेची मुदत लिहिलेली असते आणि त्या पत्रावर मुदतीच्या जागी घडी पडून शाई उडालेली. मी बोट ठेवून विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “आता सगळं एकत्र केलंय ताई, दुसऱ्या वर्षी विषय निवडायचा असतोय.” त्या वेळी मी फाईल मिटून बाहेर पडायला हवं होतं.

पण का नाही पडले तेही ऐका. या क्षेत्रात नावं आणि नियम सतत बदलतात. मतिमंदत्वाचं बौद्धिक अक्षमता झालं, सिकंदराबादच्या संस्थेचं जुनं नाव गेलं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अक्षमता सातच्या एकवीस झाल्या. नवा काहीतरी बदल झाला असेल असं वाटणं यात वेडेपणा नाही. त्यात शेजारी आणखी दोघी फॉर्म भरत बसलेल्या. त्या खऱ्या होत्या की बसवलेल्या, कोण जाणे. त्याच संध्याकाळी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडली असती तर संस्था, अभ्यासक्रम, अक्षमता, मान्यतेची मुदत, सगळं एका ओळीत दिसलं असतं. नंतर उघडली. त्या विद्यापीठाचं एम.एड. यादीत नाहीच. विद्यापीठात फोन लावला तर तिथल्या माणसानं माझ्या नावाची नोंद नसल्याचं आणि असलं कुठलंही सेंटर आपलं नसल्याचं सांगितलं.

तोवर इकडचा फोन बंद.

खरा मनस्ताप पुढं सुरू झाला. आमच्या भागातल्या ठाण्यात गेले. तक्रार मराठीत लिहिलेली होती, ती कन्नडमध्ये करून आणा म्हणाले. करून नेली. वाचून झाल्यावर “इदु नम्म लिमिट अल्ल,” म्हणजे ही आमची हद्द नाही, ऑफिस महाराष्ट्रात आहे, तिकडं जा. पलीकडच्या ठाण्यात गेले, तर पैसे बेळगावातल्या खात्यातून गेलेत, तुम्ही राहता कर्नाटकात, तिकडं द्या. पुन्हा इकडं. इकडचे साहेब बंदोबस्ताला. बँकेत मॅनेजर म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुम्हीच टाकलाय, यात फसवणूक कुठली? म्हणजे चोराला मी स्वतः पैसे दिले म्हणून तो चोर नाही! आमच्या जिल्ह्यातला प्रत्येक माणूस रोज ही हद्द ओलांडतो. बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला. ती हद्द फक्त तक्रार घ्यायची वेळ आली की भिंत होते, आणि फसवणाऱ्याला हे आपल्याआधी कळलेलं असतं. ऑफिस पलीकडं का टाकलं होतं ते मला तेव्हा उमगलं.

कायदा मात्र असं म्हणत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८. हे एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. माझा अर्ज आता तसाच गेलाय. ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिल्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकले की थांबवणं अवघड होतं. मी फोन केला तोवर ते सरकलेले होते.

‘फक्त परीक्षेला या’ म्हणणाऱ्याकडून विशेष शिक्षणाची पदवी घेऊ नका. वर्गात मुलांबरोबर काम न करता हे शिक्षण होतच नाही आणि मान्यता नसलेल्या पदवीची नोंदणीही होत नाही. पदवी हातात येण्याआधी नोंदणीचे पैसे मागणारा खोटा. नोंदणीचा अर्ज परिषदेकडं आपला आपण करायचा असतो, मधे कुणी लागत नाही. मूळ गुणपत्रिका कुणाला देऊ नका, माझी बी.एड.ची अजून त्याच्याकडं आहे. डुप्लिकेटसाठी पुन्हा वेगळी फी, वेगळं प्रतिज्ञापत्र.

परवा कळलं, त्याच जागेवर आता नर्सिंग प्रवेशाचा बोर्ड लागलाय. ज्यांनी तिथं एम.एड. किंवा बी.एड. विशेषसाठी पैसे भरलेत त्यांनी पावत्या फाडून टाकू नका, मेसेज पुसू नका, आणि घरच्यांना कळेल म्हणून गप्प बसू नका. एकटीचा अर्ज ठाण्यात बाजूला ठेवता येतो. दहा जणींचा, एकाच खाते क्रमांकाचा अर्ज एकाच दिवशी गेला तर निदान तो कुणाच्या हद्दीतला यावर वाद घालायला त्यांना लेखी उत्तर द्यावं लागेल.