कफ काढायला व्यायाम की पेप मास्क?
सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात चिकट कफ श्वासनलिकांत अडकून बसतो. पेप मास्क म्हणजे नाका-तोंडावर धरायचा मास्क; त्यात श्वास सोडताना विरोध मिळतो, नलिका उघड्या राहतात, हवा कफाच्या मागे पोचते. काम नेमकं, पण रोज बसून करायचं. मुलं कंटाळतात, साहजिकच आहे.

धावताना, ट्रॅम्पोलिनवर उड्या मारताना श्वास खोल जातो, हादऱ्यांनी कफ सुटतो, हाडंही मजबूत होतात. मात्र सुटलेला कफ आपोआप बाहेर पडत नाही: मध्ये थांबून, तोंड उघडं ठेवून, काचेवर वाफ धरावी तसा ‘हाऽऽ’ करत जोरात श्वास सोडायलाच हवा. घामातून मीठही भरपूर जातं, ते भरून काढावं.

अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळालेल्या ट्रायकाफ्टा या औषधाने ज्यांचा कफ कमी झालाय, त्यांच्यासाठी माझा कौल व्यायामाला, अर्थात फिजिओथेरपिस्टला विचारून. संसर्ग बळावला तर मास्कच.