सांगलीच्या माधवनगरात फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड : दिवाळीपासून आत्तापर्यंत वापरून

आमच्या गल्लीत फायबर अजून आलेलं नाही, मोबाईलचं नेट संध्याकाळी सातनंतर जे बसतं ते बसतंच, म्हणून दिवाळीच्या आधी घरच्या जुन्या लँडलाईनवरच ब्रॉडबँड, म्हणजे डीएसएल, चालू करून घेतलं. प्लॅन ८ एमबीपीएसचा. आता निम्मा पावसाळा झालाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. चालतंय, पण ८ एकदाही दिसलं नाही आणि ह्या तारेवर दिसणारही नाही, मग प्लॅन कुठलाही घ्या.

सुरुवातीपासून स्पीडटेस्टला चारच्या आसपास. कस्टमर केअरला फोन केला की एकच, सर मॉडेम बंद करून चालू करा. त्यापेक्षा मॉडेमच्या पेजवर जा, डीएसएल स्टेटसमध्ये लाईन अटेन्युएशन (तारेत सिग्नल किती मरतो) आणि एसएनआर मार्जिन (खरखरीच्या वर सिग्नलला किती जागा उरते, जास्त तेवढं बरं) असे दोन आकडे असतात ते बघा. माझं अटेन्युएशन ४५ डीबी. साधारण १४ डीबीला एक किलोमीटर धरतात, म्हणजे तार सव्वातीन किलोमीटर. एक्स्चेंज आमच्यापासून एवढं लांब नाही, पण तार कुठं सरळ येते, एक्स्चेंजमधून पिलर (रस्त्यावरचं जोडणीचं कपाट), पिलरमधून डीपी (गल्लीतला जोडणीचा डबा), तिथनं खांबाखांबानं फिरत आमच्या गॅलरीत. एवढ्या लांबीवर एडीएसएल टू प्लस (डीएसएलचा आमच्याकडचा प्रकार) पाच एमबीपीएसच्या आसपास सिंक होतं, म्हणजे एक्स्चेंजशी जुळतं, आणि तेही सगळं आपल्याला मिळत नाही, कारण डेटा ५३ बाईटच्या तुकड्यांत जातो आणि त्यातले ५ बाईट नुसते पत्त्याचे, वर बाकीचं सामान वेगळं. म्हणून टेस्टला सव्वाचार.

घरात वडील म्हणतात डायल-अपपेक्षा बरंय की. आहेच. पण गंमत अशी की तार तीच, तेव्हा अडत होतं ते भलतीकडंच. एक्स्चेंजमध्ये आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात, दर वेळी ८ बिट, झाले ६४ हजार बिट, आणि माणसाच्या बोलण्याला ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतं म्हणून त्याच्या वरचं सगळं तिथंच कापून टाकतात. एवढ्याशा पट्ट्यात किती माहिती कोंबता येते ह्याचं गणित क्लॉड शॅनन ह्या अमेरिकन गणितज्ञानं १९४८ सालीच मांडून ठेवलंय, चांगल्या लाईनवर ३५ हजार बिटच्या आसपास उत्तर येतं. म्हणून डायल-अपचे मॉडेम ३३.६ के, म्हणजे सेकंदाला ३३.६ हजार बिटला येऊन थांबले. मग ५६के कसं? तर नेट देणाऱ्याकडून एक्स्चेंजपर्यंत सगळं डिजिटल आणायचं आणि फक्त आपल्या घराच्या बाजूला एकदाच अॅनालॉग करायचं, त्यामुळं मोजणीत होणारी खरखर डाउनलोडच्या वाटेवरून गेली. १९९८ च्या व्ही.९० ह्या मॉडेमच्या स्टँडर्डमध्ये हे आलं, तरी अपलोड ३३.६ च राहिलं. ४४,०००, ४५,३३३, ४६,६६७ असले विचित्र आकडे स्क्रीनवर यायचे आठवतात का, ते ८००० भागिले ६ च्या पायरीनं चढतात. पूर्ण ५६,००० मी तरी कुणाच्या घरी बघितलं नाही.

डीएसएल त्या कापाकापीच्या भानगडीत पडतच नाही. एक्स्चेंजमध्ये आवाज एकीकडं आणि नेट दुसरीकडं वेगळं काढतात, त्यामुळं तारेवर २२०० किलोहर्ट्झपर्यंत जागा मोकळी, ४.३ किलोहर्ट्झचे ५१२ टोन, म्हणजे छोटे पट्टे. पण फ्रिक्वेन्सी जेवढी वर तेवढी ती तारेत लवकर मरते. माझ्या मॉडेमचा बिट लोडिंगचा (कुठल्या टोनवर किती बिट जातात त्याचा) ग्राफ बघितला तर सुरुवातीला भरगच्च आणि निम्म्याच्या अलीकडंच सपाट. एक मित्र एक्स्चेंजच्या मागच्याच बोळात राहतो, त्याचा ग्राफ शेवटपर्यंत भरलेला, फक्त २९० नंबरच्या टोनजवळ खड्डा. गुणून बघितलं तर १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे आपलं सांगली आकाशवाणी! तार अँटेना होऊन बसलीय. मला तो त्रास नाही कारण माझ्याकडं तिथवर काही पोचतच नाही, सुख मानायचं तर हे.

आता उपयोगाचं. आमच्याकडं स्वयंपाकघरात आईसाठी जुनं एक्स्टेन्शन होतं, फोन कधीच काढला होता पण वायर तशीच भिंतीत लोंबकळत मेन लाईनला जोडलेली. सिग्नल त्या वायरच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरतो आणि मेन सिग्नलला कापतो. ती वायर काढली आणि मार्जिन ६ वरून ९ वर गेलं, पैसा एक लागला नाही. दुसरं, जेवढे फोन तेवढ्यांना स्प्लिटर (आवाज आणि नेट वेगळं करणारी डबी), नाहीतर रिंग आली की नेट गेलं.

पावसाळा मात्र वाईट. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात मार्जिन दोनवर आलं आणि दिवसातनं कितीदा लाल लाईट. तक्रार केली तर दोनदा न येताच बंद केली. शेवटी लाईनमन मामांना डीपीपाशी गाठलं. त्यांनी डबा उघडला तर आत मुंग्यांचं वारूळ आणि आमच्या जोडीतली एक तार हिरवी पडून तुटलेली. "ओ, एक वायर गेलीया, डायलटोन नसंल की तुमाला?" नव्हताच. आणि तरी नेट रडतखडत चालूच होतं, कारण वरच्या फ्रिक्वेन्सी तुटलेल्या फटीतनं पण थोड्या पलीकडं उडी मारतात, आवाज मारत नाही. मामांनी नवा जॉइंट मारून वर जेली भरली, तेव्हापासून ठीक.

गेमिंग करणाऱ्यांनी घेऊ नका, अपलोड पाऊण एमबीपीएसच्या वर जात नाही, व्हिडिओ कॉल चालू असताना कुणी फोटो पाठवायला लागलं की समोरचा अडकला. घरून मेल, टॅली, युट्यूब एवढ्याला बास आहे, आणि पिंग मोबाईलपेक्षा स्थिर. व्हीडीएसएल (डीएसएलचाच जास्त वेगाचा प्रकार) मिळतंय का विचारणाऱ्यांना, ते एक्स्चेंजपासून किलोमीटरभरात असाल तरच. पैसे भरायच्या आधी त्याच डीपीवरच्या कुणा शेजाऱ्याचं अटेन्युएशन बघून घ्या, ५५ च्या वर असेल तर सगळ्यात स्वस्तातला प्लॅन घ्या, जास्त पैसे भरून तार आखूड होत नाही.