उपनगरातला दातांचा दवाखाना: कोविडकाळात अपॉइंटमेंट उशिरा का मिळायची आणि लवकर कशी मिळायची

2020 चा कोविडकाळ, आणि पुण्याच्या उपनगरातला दोन खुर्च्यांचा दवाखाना. फोन केला की साध्या फिलिंगलाही तीन आठवड्यांनंतरची तारीख द्यायचे, म्हणून लोक वैतागले होते. पण 19 मे 2020 च्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या कोविड सूचना पाळायच्या तर दिवसाला फवारा उडणारी पाचच कामं व्हायची, आणि हा हिशोब खरा होता.

एअरोटर (दात कोरायचं वेगवान ड्रिल) किंवा अल्ट्रासॉनिक स्केलर (दातांवरचा थर काढायचं यंत्र) चालला की पाणी आणि लाळेचे बारीक कण हवेत तरंगत राहतात. खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलत असेल, तर त्यातले 99 टक्के कण निघून जायला 46 मिनिटं लागतात. बारा वेळा बदलत असेल तर 23. इथला हॉल साधारण 2000 घनफूट, मिनिटाला 400 घनफूट हवा ओढणारा एक्झॉस्ट बसवलेला, म्हणजे तासाला बारा वेळा. (नुसता स्प्लिट एसी काही कामाचा नाही, तो आतलीच हवा फिरवतो.) काम 40 मिनिटं, थांबणं 23, मग 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसायला 15. सात तासांत पाच पेशंट, बस्स.

यात दवाखान्याची चूक एकच होती. दोन खुर्च्यांमध्ये काच होती, पण ती अर्धीच. त्यामुळे पहिल्या खुर्चीवर एअरोटर चालू असला की दुसरी रिकामी ठेवावी लागायची. छतापर्यंत पार्टिशन आणि दोन्हीकडे वेगळा एक्झॉस्ट केला असता, तर रांग जवळपास निम्मी झाली असती.

फोनवरची चौकशी मात्र उत्तम. सूज आहे का, ताप आहे का, तोंड किती बोटं उघडतं, दुखण्यानं रात्री झोपमोड होते का, हे विचारून क्रम लावतात. व्हॉट्सॲपवर फोटो मागतात. तो दिवसा खिडकीशी उभं राहून, चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला ओढून काढावा. फ्लॅशमध्ये दात नुसता पांढरा दिसतो.

खटकतं ते हे, की ठणका सांगितला की फोनवरच अँटिबायोटिक लिहून देतात. दाताची नस सुजली असेल तर त्या गोळ्यांनी ठणका जात नाही. बहुधा नस किंवा दातच काढावा लागतो. आणि रूट कॅनाल अर्धवट राहिलेल्यांना परत बोलावायची यादी त्यांच्याकडे नाही. तात्पुरतं सिमेंट काही आठवडेच टिकतं. ते झिजलं की लाळ आत जाते आणि साफ केलेला कॅनाल पुन्हा बिघडतो. तेव्हा वाट न बघता आपणच फोन करावा आणि 'टेम्पररी आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावं.

तेव्हा लवकर नंबर हवा असेल तर एअरोटरशिवाय होणारं काम मागावं लागायचं. लहान कीड हाताच्या हत्याराने खरवडून ग्लास आयोनोमर (दातात भरायचं एक सिमेंट) भरता येतं. सुटलेली कॅप बसवणं, टाके काढणं, हलणारा दात काढणं, कवळी घासून देणं यांना हवा बदलायची वाट बघावी लागत नसे. ही कामं सकाळी पहिल्या तासात उरकायची. ब्रेसेसची तार टोचत असेल तर मेण लावून आठवडा निघतो.

पीपीईचे (डॉक्टरांच्या संरक्षक पोशाखाचे) पैसे तेव्हा बिलात वेगळे लावायचे. जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सूज चढत असेल, गिळता येत नसेल, तर इथे फोन करत बसू नका. थेट मोठं हॉस्पिटल गाठा.