बर्ट जॅन्शचा पहिला अल्बम : एक गिटार, एक आवाज, एवढंच

१९६५ चा अल्बम आहे, नाव नुसतं 'बर्ट जॅन्श', आणि गेले दोन आठवडे माझं दुसरं काही ऐकणं होतच नाहीये. बर्ट हा स्कॉटिश गायक-गिटारवादक, ग्लासगोत जन्मलेला, एडिनबराच्या फोक (लोकसंगीताच्या) क्लबांत तयार झालेला आणि रेकॉर्डिंगच्या वेळी जेमतेम एकवीस वर्षांचा, स्वतःची धड गिटारसुद्धा नव्हती, मागून आणलेल्या गिटारवर वाजवलंय सगळं. स्टुडिओ पण नाही, लंडनला कॅम्डेनमध्ये बिल लीडर या ध्वनिमुद्रकाच्या घरी साध्या टेप रेकॉर्डरवर हे झालं आणि ट्रान्सअटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने ते १०० पौंडात घेतलं. पंधरा ट्रॅक फक्त शंभर पौंडात! हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

पण घरी केलंय म्हणूनच ते इतकं जवळून ऐकू येतं. हेडफोन लावा, तारेवर बोट सरकल्याचा आवाजही येतो. ड्रम नाही, बास गिटार नाही, काही नाही, आणि तरी रिकामं वाटत नाही कारण त्याचा अंगठा खालच्या सुरांवर आपला ठेका धरून असतो (डग्गाच समजा) आणि बाकीची बोटं वर काहीतरी वेगळंच बोलत असतात, मध्येच एखादी तार अशी जोरात ओढतो की ती फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर) आपटून कडकन वाजते. ब्लूज आहे, ब्रिटिश लोकगीतांचा बाज आहे, जॅझही आहे, पण तुकडे जोडल्यासारखं कुठेच वाटत नाही.

'नीडल ऑफ डेथ' मात्र रात्री एकटे असाल तर जपून ऐका. हेरॉइनने गेलेल्या मित्रावरचं गाणं आहे. ना रडारड ना उपदेश, इतक्या हळू आवाजात गातो की मला पहिल्यांदा ते संपल्यावर पुढचं लावताच आलं नाही.

आवाजाबद्दल खरं सांगायचं तर तो गोड नाहीये. थोडा सपाट आहे, शब्द तोंडातल्या तोंडात राहतात, 'आय हॅव नो टाइम'सारखी गाणी मला तिसऱ्या-चौथ्या वेळी आवडायला लागली. आणि 'फिंचेस' तर मिनिटभरही नाही, जरा मूड लागतोय तोवर संपतं, ते अजून हवं होतं.

शेवटी 'अँजी'. नुसत्या गिटारची रचना, मूळ डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकाची, ए मायनर या कॉर्डपासून खालचे सूर एकेक पायरी उतरत जातात तीच ती. डेव्हीचं वाजवणं नीटस आहे, बर्ट तेच जास्त आडदांड वाजवतो आणि मध्येच जॅझवादक नॅट अ‍ॅडर्लीच्या 'वर्क साँग'ची सुरावट घुसवतो. पुढच्याच वर्षी अमेरिकन गायक पॉल सायमननेही हे वाजवलं, तेही छान आहे, पण मला हेच हवं. मी स्वतः गिटार शिकतोय, अंगठा न थांबवता पहिल्या चार ओळी यायला मला तीन महिने लागले, म्हणून सांगतो, शिकणाऱ्यांनी अल्बम इथूनच ऐकायला घ्या, आधी नुसता अंगठा ऐका, मग परत लावून बाकीची बोटं.