उडवार-हेझी सेंटर, व्हर्जिनिया: होर्टेनच्या बिनशेपटीच्या विमानासाठी तरी जाच

बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा जोडणारे, होते, अख्खी नोकरी मिग लढाऊ विमानांवर गेली, त्यामुळे ते इकडे आले की नायगाराच्या आधी त्यांना शँटिलीच्या उडवार-हेझी सेंटरला न्यायचं हे माझं ठरलेलंच होतं. स्मिथसोनियनचं म्युझियम, डलेस एअरपोर्टच्या शेजारी, तिकीट नाही, फक्त पार्किंगचे १५ डॉलर. ४ नंतर पार्किंगही फ्री असतं पण तेवढ्यासाठी उशिरा जाऊ नका, साडेपाचला बंद होतं आणि दीड तासात काही बघून होत नाही.

सगळी गर्दी ब्लॅकबर्ड हे हेरगिरीचं विमान आणि डिस्कव्हरी हे अंतराळयान यांच्याकडे असते. तुम्ही आधी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांकडे जा, तिथे होर्टेन हो २२९ चा व्ही ३, म्हणजे चाचणीसाठीचा तिसरा नमुना, आहे, जेट इंजिनवालं होर्टेन जगात एवढं एकच उरलंय. शेपूट नाही, वेगळं धड नाही, नुसता पंख. पंख मधल्या भागाला जोडलेले नाहीयेत, त्यामुळे पहिल्यांदा बघताना जरा डोकं लावावं लागतं, पण त्यामुळेच मधला भाग नीट बघता येतो.

बाबा बराच वेळ गप्प उभे होते, मग म्हणाले, "अरे, हे तर प्लायवूड आहे!" खरंच आहे. मधे स्टीलच्या नळ्यांचा वेल्डिंग केलेला सांगाडा, वरून प्लायवूड, पंखही लाकडी, आणि पोटात दोन जेट इंजिनं! हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची अट होती १००० किलो बॉम्ब, १००० किलोमीटर अंतर आणि ताशी १००० किलोमीटर वेग, आणि वाल्टर आणि राइमार होर्टेन या भावांचं म्हणणं की हवेचा अडथळा कमी करायचा तर शेपूटच काढून टाकू.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट इंजिनाची आहे. समोरून दोन गोल तोंडं दिसतात ना, ती युमो ००४ या जेट इंजिनांची. आधी डिझाइन बीएमडब्ल्यूच्या इंजिनासाठी होतं, मग ही जाडी इंजिनं बसवायची वेळ आली म्हणून मधला भाग फुगवावा लागला. जर्मनीकडे निकेल-क्रोमियमचा तुटवडा, म्हणून ज्वलनकक्षासाठी साध्या स्टीलवर ॲल्युमिनियमचा लेप दिला, टर्बाइनची पाती पोकळ करून आतून हवा खेळवून गार ठेवली. एवढं करूनही इंजिन टिकायचं १० ते २५ तास. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे बसवा आणि काढा, एवढंच काम." आणि ही इंजिनं जर्मनीतल्या नॉर्डहाउजेनच्या बोगद्यांमध्येही बनायची, वेठीला धरलेल्या कामगारांकडून, हे त्या चकचकीत हॉलमध्ये उभं असताना विसरू नका.

याच्या आधीचा व्ही २ उडाला होता, २ फेब्रुवारी १९४५ ला. १८ तारखेला एक इंजिन बंद पडलं, विमान कोसळलं आणि पायलट एर्विन झिलर गेला. व्ही ३ कधी उडलाच नाही, एप्रिलमध्ये फ्रीडरिकरोडाच्या कारखान्यात अर्धवट अवस्थेत अमेरिकन सैन्याच्या हाती लागला.

युट्यूबवर याला सर्रास हिटलरचं स्टेल्थ, म्हणजे रडारला चकवणारं, विमान म्हणतात, ते डोक्यातून काढून जा. रडारच्या लहरी शोषायला गोंदात कोळशाची पूड घालायची होती हे राइमारने युद्धानंतर कित्येक वर्षांनी सांगितलं, म्युझियमच्या लोकांनी लाकूड तपासलं तेव्हा त्याचा पुरावा मिळाला नाही.

मला सगळ्यात काय आवडलं तर नवा रंग देऊन ते चकाचक केलेलं नाही, सुटलेलं प्लायवूड सांभाळून तसंच ठेवलंय, कुठे घाई झाली ते दिसतं. बाबा जोड बघत दोनदा फेरी मारून आले.

निघण्याआधी अराडो २३४ बघा, त्यालाही हीच इंजिनं आहेत, पंखाखाली लटकलेली, त्यामुळे आकार नीट कळतो. आणि अमेरिकेच्या नॉर्थरॉपचं पिवळं एन-१एम चुकवू नका, तेही बिनशेपटीचं, पण जेटऐवजी प्रोपेलरवर चालणारं आणि १९४० मध्येच उडालेलं, म्हणजे ही कल्पना एकट्या जर्मनांची नव्हती.

माझ्याकडून ५ पैकी ५. बाबांचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी अजून एक शनिवार तिकडेच जाणार, या वेळी सकाळी १० ला दार उघडतानाच.