ग्राउंडहॉग्जचा 'स्प्लिट': पन्नास वर्षांनंतरही अंगावर येणारा अल्बम

ब्रिटिश ब्लूज-रॉकचा विषय निघाला की बोलणं चार-पाच नावांभोवती फिरतं. क्लॅप्टन, पीटर ग्रीन, जेफ बेक, झेपेलिन. ही माणसं मोठीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच वर्षांत, त्याच क्लबांमधून वर आलेला आणि इंग्लंडच्या अल्बम चार्टवर पाचव्या क्रमांकापर्यंत चढलेला एक अल्बम या गप्पांमध्ये कधीच येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. ग्राउंडहॉग्ज या ब्रिटिश बँडचा 'स्प्लिट', १९७१. ज्यांना गिटार आवडते आणि ज्यांनी हे नावही ऐकलेलं नाही, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

मी पुण्यात साउंडचं काम करते. नाटकं, छोट्या मैफली, कधी कॉलेजांचे बँड. त्यामुळे गाणं ऐकताना माझं लक्ष आधी जातं ते कोण कुठे उभं आहे, माइक कुठे असेल, ड्रमरचा हात किती जड आहे याकडे. हा अल्बम पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा सगळ्यांत आधी जाणवलं ते हे, की आत फक्त तीन माणसं आहेत आणि तिघंही एकमेकांना जागा करून द्यायला तयार नाहीत. तरीही गर्दी होत नाही. हे कसं जमलं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

टोनी मॅकफी हा या बँडचा गिटारवादक, गायक आणि गाणी लिहिणारा. जन्म १९४४ चा. पीट क्रुकशँक बेसवर. दोघं साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून लंडनमध्ये एकत्र वाजवत होते आणि बँडचं नावही त्यांनी जॉन ली हूकर या अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादकाच्या एका गाण्यावरून घेतलं होतं. १९६४ मध्ये खुद्द हूकर इंग्लंडच्या दौऱ्यावर आला आणि या पोरांना त्याच्या मागे उभं राहून वाजवायची संधी मिळाली. पुढे लिटल वॉल्टर, जिमी रीड अशा अमेरिकन दिग्गजांनाही त्यांनी साथ केली.

हूकरला साथ करणं म्हणजे काय, हे सांगायलाच हवं. ब्लूजचा साचा ठरलेला असतो: बारा मात्रागट, तीन कॉर्ड, ठरल्या जागी बदल. हूकर हे काही पाळायचा नाही. मनात आलं तर अकरावर बदलायचा, नाहीतर एकाच कॉर्डवर हवा तितका वेळ बसून राहायचा. मागच्या माणसाने मोजत बसायचं नाही, त्याच्या पायाकडे आणि तोंडाकडे बघत राहायचं. एखाद्या लहरी बुजुर्ग गवयाची संगत करणारा तबलजी जसा डोळे न मिटता समेची वाट पाहतो, तसंच हे. मॅकफी आणि क्रुकशँक या शाळेतून बाहेर पडले. पुढे ड्रमवर केन पुस्टेलनिक आला, तोही ताल धरून गप्प बसणारा नव्हता.

१९६८ चा 'स्क्रॅचिंग द सरफेस' हा त्यांचा पहिला अल्बम. चांगला आहे, हार्मोनिकावर स्टीव्ह राय आहे, पण त्या काळी इंग्लंडमध्ये असे पुष्कळ बँड होते. गोऱ्या पोरांनी शिकागोच्या काळ्या ब्लूजवाल्यांचा आवाज मन लावून गिरवलेला. १९६९ मध्ये बँड तिघांचा झाला आणि 'ब्लूज ऑबिच्युअरी' आला. नावातच त्यांनी ब्लूजचा मृत्युलेख लिहून टाकला. १९७० चा 'थँक ख्राइस्ट फॉर द बॉम्ब' हा खरा वळणाचा अल्बम. पहिल्या महायुद्धातला खंदकातला सैनिक, अणुबॉम्बची सावली, शहरात परका झालेला माणूस, सगळी सुखं सोडून बागेत राहायला गेलेला माणूस. ब्लूज जिथे रुजला त्या मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांशी या गाण्यांचा संबंध उरलेला नाही. हा अल्बम नवव्या क्रमांकापर्यंत गेला.

आणि मग 'स्प्लिट'. १९७० मध्ये मॅकफीला एकदा भीतीचा जबरदस्त झटका आला. आज आपण ज्याला पॅनिक अटॅक म्हणतो तो. मनावरचा ताबा सुटतोय, आपण आपल्यापासून तुटतोय, असा अनुभव. त्याने त्यावरच अल्बमची पूर्ण पहिली बाजू लिहिली: 'स्प्लिट' भाग एक ते चार. १९७१ मध्ये रॉक गायक स्वतःच्या मानसिक त्रासाबद्दल इतकं सरळ क्वचितच बोलायचे. ब्लूजमध्ये दुःख असतं, पण ते बाई सोडून गेल्याचं, पैसे संपल्याचं, गाव सुटल्याचं. इथे गाणारा माणूस स्वतःच्याच घरात आहे आणि त्याला भीती स्वतःचीच आहे. माझ्या मते ब्रिटिश ब्लूज खऱ्या अर्थाने ब्रिटिश झाला तो अशा ठिकाणी. दुसऱ्याचं दुःख उसनं घेणं थांबलं आणि माणसं आपल्या खोलीतलं बोलू लागली.

भाग एक जोरात सुरू होतो. गिटार धावते, बेस तिच्या मागे लागतो. पण मला खरा हादरा देतो तो भाग दोन. सुरुवातीची ती वा-वा पेडलमधून (पायाने दाबून गिटारचा आवाज उघडमीट करणारं यंत्र) वाकवलेली जड रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून, ऐका. आवाज एकाच वेळी विव्हळतो आणि गुरगुरतो. मॅकफीच्या हातात गिब्सन एसजी आणि मागे लेनीचा अँप, म्हणजे सामान साधंच. जे काही आहे ते बोटांत आणि पायाखालच्या पेडलमध्ये आहे. तार किती ओढायची आणि पेडल नेमकं कुठे अडवायचं, हे त्याला इतकं अचूक कळतं की त्या दोन-तीन सुरांतच घाबरलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो. गिटारने 'रडवणं' सोपं आहे, सगळेच करतात. गिटारने घाबरवणं फार थोड्यांना जमतं.

तिसरा भाग जरा संथ, चौथा जवळजवळ जुन्या ब्लूजच्या चालीत. झटका ओसरला, पण घर अजून ओळखीचं वाटत नाही, अशा जागी ही बाजू संपते. मॅकफीचे शब्द साधे आहेत, कुठे कुठे ओबडधोबडही. मला ते तसेच योग्य वाटतात. अशा रात्रीनंतर माणूस प्रतिमा शोधत बसत नाही.

आता ध्वनीबद्दल. निर्मिती मॅकफीची स्वतःची आणि ध्वनिमुद्रण मार्टिन बर्चचं. पुढे डीप पर्पल आणि आयर्न मेडनच्या अल्बमांमुळे बर्चचं नाव जगभर झालं, पण त्याचा कान काय होता हे मला इथेच पटलं. तिघांच्या बँडमध्ये गिटार सोलो सुरू झाला की खाली पोकळी पडते. बहुतेक इंजिनियर तिथे दुसरी गिटार वरून चढवतात. इथे क्रुकशँकचा बेस जाड आणि पुढे ठेवला आहे, त्यामुळे पोकळी जाणवतच नाही. ड्रम कोरडे आहेत, उगाच घुमवलेले नाहीत. पुस्टेलनिक सतत ड्रमभर फिरत असतो, प्रत्येक ओळीनंतर काहीतरी कोसळवतो, आणि तरीही ताल घसरत नाही. हा माणूस ज्या रंगमंचावर वाजवेल तिथे मला माइक लावायला मिळावेत, असं वाटायला लावणारं वादन आहे. फक्त गाण्याचा आवाज मला थोडा मागे वाटतो. शब्द नीट पकडायचे तर हेडफोन लावावे लागतात.

दुसरी बाजू 'चेरी रेड'ने उघडते, आणि हे त्यांचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं. रिफ एकदा डोक्यात शिरली की दिवसभर निघत नाही. यात मॅकफी मध्येच वरच्या पातळ आवाजात जातो. काहींना ते खटकेल. मला ते गाण्याच्या चक्रावलेपणाशी जुळणारं वाटतं. 'अ इयर इन द लाइफ' उदास आणि लहान आहे, त्यावर थांबण्यासारखं फार नाही. 'जंकमन' मात्र वेगळंच प्रकरण. गाणं मध्यावर मोडून पडतं आणि पुढे बराच वेळ फक्त गिटारचा गोंगाट चालतो: फीडबॅक, वा-वा, ओरखडे. माझं निम्मं आयुष्य माइकची शिट्टी थांबवण्यात गेलं आहे, आणि हा माणूस तीच शिट्टी मुठीत धरून तिला हवं तिकडे वळवतो. कौतुकाने ऐकते. तरीही सांगते, हा भाग लांबला आहे. अर्धा असता तर धार जास्त राहिली असती.

शेवट 'ग्राउंडहॉग'. हूकरचं तेच गाणं, ज्यावरून नाव घेतलं. मॅकफी ते जवळजवळ एकट्याने, गिटार आणि आवाज एवढ्यावरच गातो. एवढं वादळ झाल्यावर ज्या दारातून आत आलो तिथेच तो येऊन उभा राहतो. अल्बम एवढ्या नेटक्या जागी संपवणं मोठ्या मोठ्यांना जमलेलं नाही.

मग हा माणूस विसरला का गेला? १९७२ चा 'हू विल सेव्ह द वर्ल्ड?' आठव्या क्रमांकावर गेला. त्याचं मुखपृष्ठ कॉमिक्सचा मोठा चित्रकार नील अ‍ॅडम्स याने काढलं होतं. १९७३ मध्ये मॅकफीने एकट्याचा अल्बम काढला, त्याची एक बाजू ब्लूज आणि दुसरी कोल्ह्याच्या शिकारीविरुद्ध सिंथेसायझरवर रचलेली एकच लांब रचना. म्हणजे तो कधी एका जागी बसला नाही. पण अमेरिकेत नाव झालं नाही, नंतर आधीच नावाजलेल्या वादकांच्या कुठल्या सुपरग्रुपमध्ये गेला नाही, तरुणपणी मेला नाही. रॉकचा इतिहास ज्या ठरीव गोष्टींवर चालतो त्यातली एकही त्याच्याकडे नव्हती. तो पुढे बरीच वर्षं छोट्या हॉलमध्ये वाजवत राहिला आणि जून २०२३ मध्ये, ७९ व्या वर्षी गेला.

'स्प्लिट' आवडला तर त्याच्या शेजारी आणखी दोघींना ठेवा. पहिली जो अ‍ॅन केली. लंडनच्या स्ट्रेटममधली, मॅकफीच्याच वर्षी जन्मलेली, आणि दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रणंही केलेली आहेत. १९६९ चा तिच्याच नावाचा अल्बम घ्या. एक बाई, एक गिटार, आणि छातीतून येणारा खरखरीत आवाज. कॅन्ड हीटसारख्या अमेरिकन बँडने तिला बोलावलं होतं, तिने नको म्हटलं. १९९० मध्ये, पन्नाशीही न गाठता ती गेली. आज तिचं नाव घेणारी माणसं शोधावी लागतात.

दुसरी मॅगी बेल, ग्लासगोची, आणि तिचा बँड स्टोन द क्रोज. १९७१ चा त्यांचा 'टीनएज लिक्स' ऐका. मॅगीचा आवाज असा की माइक जरा लांब धरला तरी चालेल. तिच्याबरोबर गिटारवर लेस हार्वी. तो कधीच गायिकेच्या अंगावर जात नाही, ओळ संपली की तिथे दोन-चार सूर ठेवून बाजूला होतो. ३ मे १९७२ रोजी स्वान्सी इथे, कार्यक्रमाच्या वेळी, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने लेस हार्वीचा मृत्यू झाला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या नव्या मुलांना मी ही गोष्ट सांगते आणि मग प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग त्यांच्याकडून तपासून घेते, हॉलवाले कितीही घाई करोत. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या शेवटच्या अल्बमात 'सनसेट काउबॉय' हे लेससाठीचं गाणं आहे. मॅगी ते कशी गायली असेल, मला अजून समजत नाही.

घ्यायचं कसं, ते सांगते. 'स्प्लिट' स्ट्रीमिंगवर सहज सापडतो, आणि नव्याने काढलेल्या एलपी आणि सीडीही मिळतात. सीडी घेताना आवाज फार चढवलेली आवृत्ती टाळा. पुस्टेलनिकच्या ड्रममधला हलका-भारी फरक त्यात सपाट होतो. फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, बेस गेला की अर्धा अल्बम गेला. पहिली बाजू तोडू नका, चारही भाग सलग ऐका. आणि ज्यांना स्वतःला असे भीतीचे झटके येतात त्यांनी भाग दोन रात्री एकट्याने ऐकण्याआधी जरा विचार करावा, तो खरोखर तितका जवळ जातो. ब्लूज नवाच असेल तर आधी 'चेरी रेड', मग 'थँक ख्राइस्ट'मधलं 'एक्सेंट्रिक मॅन', आणि त्यानंतर 'स्प्लिट' पहिल्यापासून.