पाकिटातली ५० अंडी आणि साखळीचा उन्हाळा

फेब्रुवारीत पार्सल आलं तेव्हा मी दुकानात होतो. आईने ते घरी फोडलं आणि मला फोन लावला, "अरे, हें कितें? च्याची पूड?" तिची काही चूक नव्हती. खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे, त्यात थर्माकोलचा छोटा डबा, डब्यात तळहाताएवढी झिपलॉकची पिशवी आणि पिशवीत काळपट तपकिरी, ओलसर भुसा. या भुशात किलीफिशची ५० अंडी आहेत असं विकणाऱ्याचं म्हणणं. ६०० रुपये, वर कुरियरचे १२०. परराज्यातला एक हौशी ब्रीडर घरूनच विकतो. नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि माणूस वाईट नाही.

जात नोथोब्रँकियस गुंथेरी. मूळची झांझिबारची. गोव्यातून झांझिबारला, मोझांबिकला पोटासाठी गेलेल्या माणसांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. तिकडून उलट इकडे येणारं असं काही मला पहिल्यांदाच मिळालं. हा मासा पावसाळ्यात भरणाऱ्या डबक्यांत जन्मतो, काही आठवड्यांत मोठा होतो, चिखलात अंडी घालतो आणि डबकं आटलं की मरतो. अंडी मात्र कोरड्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत राहतात. म्हणून तर ती पाण्याशिवाय, पाकिटातून येऊ शकतात. (नावाचा मारण्याशी संबंध नाही. 'किल' म्हणजे डच भाषेत ओढा. गिऱ्हाइकांना हे सांगून माझं तोंड दुखलं.)

माझं गोव्यात साखळी गावात औषधांचं दुकान आहे. दिवसभर तारखा वाचणं हाच धंदा. त्यामुळे पिशवीवरचं लेबल बघून मजा वाटली: '२० एप्रिलला भिजवा'. आमच्याकडे तारखेनंतर माल टाकून देतात, इथे तारखेआधी हात लावायचा नाही. पण आमच्या प्रत्येक पट्टीवर एक ओळ आणखी असते, किती अंशांखाली ठेवावं याची. ती ओळ इथे नव्हती. सगळा घोटाळा त्या एका ओळीचा.

गुंथेरीच्या अंड्यांना साधारण तीन महिने लागतात, हे खरं. पण ते २४-२५ अंशांच्या आसपास. उष्णता वाढली की आतलं पिल्लू लवकर तयार होतं. मी पिशवी माझ्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवली होती, मार्चमध्ये तिथे दुपारी ३१ अंश. शिगमो आटोपल्यावर एका रात्री राहवलं नाही. चिमटीभर भुसा पांढऱ्या बशीत पसरला आणि भिंग लावलं. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, साबुदाण्याच्या बारीक कणासारखं. पहिल्यांदा दिसलंच नाही. मग एक सापडलं आणि त्यात दोन काळे डोळे होते, प्रत्येकाभोवती बारीक सोनेरी कडं. आत मासा पूर्ण गुंडाळून बसलेला, नजर थेट माझ्याकडे. त्या रात्री मी चार अंडी पाहिली, चारही तशीच.

विकणाऱ्याला फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, हे त्याचं मोठेपण, पण उत्तर होतं, "भाई, तारखेपर्यंत थांबा, घाई केली की पिल्लं पोटावर घसरतात." मी थांबलो. नवख्याने ऐकायचं असतं असं मला वाटलं.

२० एप्रिलला आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं, २० अंशांवर आणलं. आमची विहीर जांभ्या दगडातली, पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी. त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. उथळ ट्रेमध्ये भुसा टाकून वर दोन बोटं पाणी. थंड पाणी म्हणजे पाऊस, असा त्यांचा समज करून द्यायचा. तीन तासांनी चहाच्या रंगाच्या त्या पाण्यात पहिली हालचाल दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ड्रॉपरने मोजून ३१ पिल्लं काढली. त्यातली १२ वर येईनात. तळाशी पोट टेकून सरपटत होती. पोहण्याची पिशवी हवेने भरलीच नाही की असं होतं, आणि अशी पिल्लं पुढे सुधारत नाहीत. लवकर भिजवलं तरी होतं, पिल्लू तयार होऊन आत फार दिवस अडकलं तरी होतं. माझ्या बाबतीत दुसरं झालं असं माझं ठाम मत आहे. तीन आठवडे ते डोळे उघडे ठेवून वाट बघत होते आणि मी लेबल वाचत होतो.

उरलेल्या १९ जणांचं खाणं म्हणजे आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) ताजी पिल्लं, पहिल्या दिवसापासून. आर्टेमियाची अंडी सुट्टी विकणाऱ्या एका दुकानातून २५ ग्रॅमची पुडी आणली होती. त्यातली निम्मी फुटलीच नाहीत; पुडीवर ना पॅकिंगची तारीख ना कंपनी. पुढच्या वेळी सीलबंद छोटा डबा घेतला, महाग पडला, पण २४ तासांत बाटली नारिंगी झाली. उलटी टांगलेली कोल्ड्रिंकची बाटली, एअर पंप, शेजारी टेबललॅम्प, लिटरला दोन मोठे चमचे मीठ. मीठ आगरातलं, जाडं, गावठी. पंप बंद केला की टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली प्रकाशाकडे गोळा होतात. तेवढीच नळीने ओढायची, रुमालातून गाळायची, गोड्या पाण्याने धुवायची. दिवसाला दोनदा. लग्नाला गेलो तरी दोनदा. घरच्यांना विचारा.

आता या खरेदीतला सगळ्यात चांगला भाग. विकणाऱ्याने सांगितलं होतं, भुसा फेकू नका. पिळून, वाळवून परत पिशवीत भरला आणि चार आठवड्यांनी, १८ मे रोजी पुन्हा भिजवला. आणखी ७ निघाली, त्यांत पोटावर घसरणारं एकच. सगळी अंडी एका पावसाला फुटत नाहीत. मिरगाआधी आपल्याकडे एखादा वळीव पडतो, डबकी भरतात, बेडूक ओरडतात आणि आठ दिवसांत सगळं परत कोरडं. त्या वळवाला भुलून सगळीच बाहेर आली असती तर ही जात कधीच संपली असती. काही अंडी आतच थांबतात, मुद्दाम.

५० पैकी ३८ फुटली. पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी वाईट नाही. १३ सरपटणारी गेली, आणखी चार नंतर मेली, २१ मोठी झाली. चौथ्या आठवड्यात नरांना रंग चढायला लागला: निळसर अंगावर लाल जाळी आणि शेपूट भडक लाल, काठाला काळी किनार. माद्या राखाडी, साध्या. आणि नर भांडखोर. झाकण मात्र घट्ट हवं. माझा एक नर आईच्या तुळशीच्या कुंडीपाशी वाळलेला सापडला.

जूनपासून टाकीत श्रीखंडाचा डबा ठेवलाय, झाकणाला भोक पाडून. आत उकळून धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. नर मादीला भोवऱ्यासारखा फिरून आत नेतो, वरचा पर तिच्यावर टाकतो, दोघं थरथरतात, एक अंडं. मग परत. दिवसभर हाच उद्योग. दोन आठवड्यांनी कोकोपीट काढून पिळतो आणि वर्तमानपत्रावर वाळवतो, विडीच्या तंबाखूइतकं ओलसर राहीपर्यंत.

तर घ्यावं का? घ्यावं. पॅकिंग पाचपैकी पाच. सल्ला पाचपैकी चार. लेबल दोन, तेही तारीख स्वच्छ अक्षरात होती म्हणून. मागवताना तीन गोष्टी आधी लिहून मागा: अंडी कधी गोळा केली, किती अंशांवर ठेवली, आणि मूळ साठा कुठल्या जागेचा. किली पाळणारे जागेच्या संकेतासह नोंद ठेवतात, दोन जागांचे मासे एकत्र करत नाहीत. मला यातलं काहीच मिळालं नाही, विचारल्यावर "झांझिबार" एवढंच. आणि एप्रिल-मेमध्ये मागवू नका. आमच्याकडे उन्हाळ्यात थंड खोली नसेल तर अंडी हातात राहत नाहीत.

ज्यांना एवढं नको, त्यांनी कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) पाटात वाकून बघावं. डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला, पाण्याच्या वरच्या थरात स्थिर उभा असलेला मासा दिसेल. तोही किलीच, आपला, ॲप्लोकायलस लिनिएटस. १८४६ पासून शास्त्रीय नाव असलेला. डासांच्या अळ्या खातो, अंडी पाणवनस्पतींना चिकटवतो, फुकट आहे. माझे आफ्रिकेचे मात्र व्हाळात सोडू नका, कितीही वाढले तरी.

माझी पहिली स्वतःची पिशवी दुकानातल्या एसी खोलीत, खोकल्याच्या औषधांमागे आहे. लेबलावर तारीख, गोळा केल्याचा दिवस आणि २५ अंश. मदतनीस मुलाला सांगून ठेवलंय की ही विकायची नाही. या रविवारी डोळे दिसले तर भिजवणार. विहिरीच्या पाण्याची बाटली फ्रीजमध्ये गेली आहे, तिच्यावर आईने स्वतःच चिठ्ठी लावली: पियेवचें न्हय.